रब्बी यहोशुआंची काठी

इसवी सनाच्या पहिल्या शतकाची अखेर. जेरुसलेमचे मंदिर रोमन सैन्याने 70 साली उद्ध्वस्त केले होते आणि वाचलेले यहुदी विद्वान किनाऱ्याजवळच्या याव्ने या गावी जमून मोडलेली घडी पुन्हा बसवत होते. महिना कधी लागला हे त्या काळी साक्षीवरून ठरे. ज्याने चंद्रकोर पाहिली त्याने न्यायसभेपुढे यावे, सभेने त्याची उलटतपासणी घ्यावी आणि मगच नवा महिना जाहीर व्हावा, अशी रीत होती. सभेचे प्रमुख रब्बान गमलिएल यांच्या माडीवर चंद्राच्या आकारांची चित्रे लावलेली होती. अडाणी साक्षीदाराला ते चित्र दाखवून विचारत, असा दिसला की असा? एकदा दोघेजण कोर पाहिल्याचे सांगत आले. पुढच्या रात्री मात्र आकाशात कोर नव्हती. तरीही गमलिएल यांनी साक्ष ग्राह्य धरली.

रब्बी दोसा म्हणाले, साक्षीदार खोटे आहेत. रब्बी यहोशुआ बेन हनन्या यांना ते पटले. प्रश्न साधा नव्हता. तो तिश्री महिना होता आणि त्याच्या दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे वर्षातला सर्वांत पवित्र प्रायश्चित्ताचा दिवस येतो. महिना चुकला तर तो दिवसही चुकणार. गमलिएल यांनी यहोशुआंना निरोप धाडला की तुमच्या हिशेबाने ज्या दिवशी योम किप्पूर पडतो, नेमक्या त्याच दिवशी हातात काठी आणि कनवटीला पैसे घेऊन माझ्याकडे या. त्या दिवशी प्रवास करायचा नाही, पैशाला शिवायचे नाही. आपल्या मते जो दिवस देवाचा, तो स्वतःच्या हाताने मोडायचा, अशी ही आज्ञा होती.

यहोशुआ व्याकूळ झाले. तेव्हा त्यांचे तरुण सहकारी रब्बी अकिवा यांनी त्यांना एक वचन दाखवले. लेवीय ग्रंथात सणांविषयी म्हटले आहे की ते तुम्ही जाहीर करायचे. अकिवांनी त्यातून अर्थ काढला की न्यायसभेने वेळेवर जाहीर केले काय किंवा चुकून भलत्याच दिवशी केले काय, देवाचे सण तेच. यहोशुआंनी काठी उचलली, पैसे घेतले आणि ते निघाले. ते पोचले तेव्हा गमलिएल उठून उभे राहिले, त्यांनी यहोशुआंच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि त्यांना आपले गुरू म्हटले, शिष्यही म्हटले. ज्ञानाने गुरू, आणि शब्द मानला म्हणून शिष्य.

मिश्नेतल्या या छोट्या प्रसंगात या पुस्तकाचा सगळा विषय सामावला आहे. सण देवाचा आहे, पण तो केव्हा साजरा करायचा हे माणसांनी ठरवायचे आहे, आणि माणसांचे चुकले तरी देवाने ते मान्य करायचे आहे. यहुदी धर्मशास्त्रात देवाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हा प्रश्न गेली दोन हजार वर्षे विचारला जात आहे. मराठी वाचकाला तो मुळापासून समजावा, हा या लेखनाचा हेतू. मी उत्तर शोधत गेलो तेव्हा रब्बी यहोशुआ पुन्हा पुन्हा भेटत राहिले. म्हणून ही प्रस्तावना त्यांच्याच पाठोपाठ चालणार आहे.

आधी काही शब्द. यहुदी धर्मशास्त्राला हलाखा म्हणतात. हा हिब्रू शब्द चालणे या धातूपासून आला आहे. माणसाने कसे चालावे ते हलाखा सांगते. तिचा पाया म्हणजे तोरा, मोशेचे पाच ग्रंथ. परंपरा सांगते की सिनाय पर्वतावर मोशेला दोन तोरा मिळाल्या, एक लिखित आणि दुसरी मौखिक. आपल्याकडच्या वाचकाला इथे श्रुती आणि स्मृती ही जोडी चटकन आठवेल, पण ती उपमा जपून वापरावी. आपल्याकडे स्मृती ही ऋषींची, म्हणजे माणसांची रचना. यहुदी परंपरेत मौखिक तोराही सिनायवरचीच मानली जाते, आणि तरीही तिचे पानन् पान माणसांच्या वादांनी भरलेले आहे. कोड्याची सुरुवात इथूनच होते.

ही मौखिक परंपरा साधारण 200 साली रब्बी यहुदा हनासी यांनी मिश्ना या ग्रंथात संकलित केली. तिचे सहा विभाग आणि 63 प्रकरणग्रंथ आहेत. मिश्नेवरची पुढच्या काही शतकांची चर्चा म्हणजे गमारा, आणि दोन्ही मिळून ताल्मूद. एक ताल्मूद इस्राएलच्या भूमीत तयार झाला आणि दुसरा, जास्त मोठा व जास्त प्रमाण मानलेला, बाबिलोनियात. बाबिली ताल्मूदाच्या छापील आवृत्तीची 2711 पाने, दोन्ही बाजूंनी भरलेली, रोज एक वाचण्याचा उपक्रम 1923 साली सुरू झाला आणि आज जगभर चालतो. एक आवर्तन पुरे व्हायला सुमारे साडेसात वर्षे लागतात. पहिल्यांदा ताल्मूद उघडणाऱ्याला धक्का बसतो तो असा की धर्मग्रंथ म्हणून हाती घेतलेल्या या पुस्तकात निवाड्यांपेक्षा मतभेदच जास्त आहेत. शिवाय ज्याचे म्हणणे फेटाळले गेले त्याचे नाव आणि युक्तिवाद दोन्ही जपून ठेवले आहेत. मिश्नेनेच त्याचे कारण दिले आहे. पुढे एखाद्या न्यायसभेला तेच मत योग्य वाटले तर तिला त्याचा आधार घेता यावा.

या ताल्मूदात रब्बी यहोशुआ दुसऱ्यांदा भेटतात ते एका भट्टीच्या वादात. तुकडे करून, मधे वाळू भरून जोडलेली एक मातीची भट्टी अशुद्ध होऊ शकते की नाही, एवढाच प्रश्न होता. रब्बी एलिएझर म्हणाले शुद्ध. बाकी सगळे म्हणाले अशुद्ध. एलिएझर यांनी सगळे युक्तिवाद मांडून पाहिले, ते कोणाला पटेनात. मग त्यांनी सृष्टीलाच साक्षीला बोलावले. कॅरोबचे झाड उपटून दूर जाऊन पडले. सभेने सांगितले, झाडावरून काही सिद्ध होत नाही. पाण्याचा प्रवाह उलटा वाहू लागला. त्यानेही काही सिद्ध झाले नाही. अभ्यासगृहाच्या भिंती झुकू लागल्या, तेव्हा यहोशुआंनी त्या भिंतींनाच दटावले की विद्वान वाद घालत असताना तुमचे इथे काय काम? यहोशुआंचा मान राखून भिंती पडल्या नाहीत, आणि एलिएझर यांचा मान राखून सरळही झाल्या नाहीत. शेवटी आकाशवाणी झाली की निर्णय एलिएझर यांच्याच बाजूचा आहे. तेव्हा रब्बी यहोशुआ उठून उभे राहिले आणि अनुवाद ग्रंथातल्या वचनाचा आधार घेऊन म्हणाले की तोरा आता आकाशात राहिलेली नाही. ताल्मूदातच पुढे या उत्तराचा अर्थ उलगडला आहे: तोरा सिनायवर एकदा दिली गेली, आणि तिच्यातच लिहिले आहे की बहुमताप्रमाणे चालावे. आकाशवाणीकडे आम्ही लक्ष देणार नाही.

पुढे एका रब्बींना संदेष्टा एलियाहू भेटला. त्यांनी विचारले, त्या घटकेला देव काय करत होता? एलियाहू म्हणाला, देव हसला आणि म्हणाला की माझ्या लेकरांनी मला हरवले.

ही कथा आज फार लोकप्रिय आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती देवाच्या हसण्यापाशी थांबवतात. अर्धीच सांगितल्यामुळे ती माणसाच्या बुद्धीचा विजय म्हणून लक्षात राहते. ताल्मूद मात्र तिथे थांबत नाही. सभेने एलिएझर यांनी शुद्ध ठरवलेल्या साऱ्या वस्तू आणून जाळल्या आणि त्यांना बहिष्कृत केले. निरोप कोणी द्यायचा? अकिवा म्हणाले, मी जातो. भलत्याच माणसाने जाऊन सांगितले तर जग उद्ध्वस्त होईल. ते काळी वस्त्रे नेसून गेले, थोडे अंतर राखून बसले आणि हळूच म्हणाले की सहकारी तुमच्यापासून दूर राहताहेत असे वाटते. एलिएझर यांनी कपडे फाडले, ते जमिनीवर बसून रडले. त्या दिवशी ऑलिव्ह, गहू आणि बार्लीचे पीक करपले. समुद्रावर असलेल्या गमलिएल यांच्यावर लाट चालून आली. माझ्या मानासाठी नव्हे, वाद वाढू नयेत म्हणून मी हे केले, असे त्यांनी देवाला सांगितले तेव्हा समुद्र शांत झाला.

एलिएझर यांची पत्नी इम्मा शालोम ही गमलिएल यांची बहीण. नवऱ्याने प्रार्थनेत साष्टांग पडून आपले दुःख देवापुढे मांडू नये, म्हणून ती रोज जपत असे. ते गाऱ्हाणे आपल्या भावाच्या जिवावर बेतेल हे तिला कळत होते. अमावास्येनंतरच्या नवचंद्राच्या दिवशी ही प्रार्थना करत नाहीत. एके दिवशी, ताल्मूदातल्या एका पाठानुसार, महिना एकोणतीस दिवसांचा की तिसाचा याचा तिचा हिशेब चुकला, तिला वाटले आज नवचंद्र आहे, आणि ती बेसावध राहिली. परत येऊन पाहते तो नवरा जमिनीवर पालथा पडलेला. ती म्हणाली, उठा, माझ्या भावाला तुम्ही मारलेत. इतक्यात गमलिएल यांच्या मृत्यूची शिंगे वाजली. नवऱ्याने विचारले, तुला कसे कळले? तिने माहेरी ऐकलेले सांगितले की सगळे दरवाजे बंद होतात, दुखावलेल्याच्या हाकेचा दरवाजा मात्र बंद होत नाही.

मिश्नेतल्या प्रसंगात महिन्याचा हिशेब गमलिएल यांच्या शब्दावर ठरला होता. ताल्मूदाच्या कथेत महिन्याच्याच चुकलेल्या हिशेबाने त्यांचा अंत झाला. मला ही जुळणी हेतुपूर्वक वाटते. ही कथा ताल्मूदात ज्या ठिकाणी येते तिथे मूळ विषय भट्टीचा नाहीच. शब्दांनी माणसाला दुखावण्याचे पाप, हा तिथला विषय आहे. म्हणजे ताल्मूदाचे सांगणे दुहेरी आहे. धर्माचा निर्णय माणसांच्या हाती आला हे खरे. पण निर्णयाचा अधिकार मिळाला म्हणून माणसाला चिरडण्याचा परवाना मिळत नाही. बहुमत बरोबर होते, आणि तरीही बहुमताच्या हातून अन्याय झाला. याच पेचातून या पुस्तकाचा मुख्य विचार निघाला आहे. धर्मशास्त्रात माणसाचा वाटा जितका मोठा, तितका त्याला देवाच्या आड लपता येण्याचा अवकाश लहान.

या वाट्याचा आकार किती, ते काही उदाहरणांवरून कळेल. डोळ्याबद्दल डोळा हे वाक्य तोरामध्ये स्वच्छ लिहिलेले आहे. रब्बींनी ठरवले की याचा अर्थ भरपाई, आणि मिश्नेने ती पाच हिश्श्यांत मोजली: अवयवाचे नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि अपमान. बंडखोर मुलाला दगडमार करावा, असे अनुवाद ग्रंथ सांगतो. रब्बींनी त्याला इतक्या अटी घातल्या की तसा मुलगा सापडूच नये. त्यातल्या एका मतानुसार आईवडिलांचा आवाज, चेहरा आणि उंचीसुद्धा सारखी हवी. असा मुलगा कधी नव्हता आणि कधी होणारही नाही, केवळ अभ्यास करून पुण्य मिळावे म्हणून तो मजकूर लिहिला, असे ताल्मूद म्हणतो. लगेच एक रब्बी उठून सांगतात की मी तसा एक पाहिला आहे आणि त्याच्या थडग्यावर बसलोही आहे. विरोधी आवाज इथेही पुसलेला नाही. देहदंडाविषयी अकिवा आणि तारफोन म्हणाले, आम्ही सभेत असतो तर कोणालाही कधी देहदंड झाला नसता. त्यावर शिमोन बेन गमलिएल यांचे उत्तर होते की मग खुनी वाढले असते. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी आहेत, आणि वाचणाऱ्याला दोघांशीही झगडावे लागते.

सातव्या वर्षी सगळी कर्जे माफ व्हावीत, ही तोराची गरिबांसाठी केलेली तरतूद. झाले उलटेच. सातवे वर्ष जवळ आले की कोणी कर्जच देईना आणि गरिबाची चूल विझू लागली. तेव्हा हिल्लेल या विद्वानांनी प्रोझबुल नावाचा लेख काढला. कर्ज न्यायसभेकडे सोपवले की ते खाजगी राहत नाही, म्हणून माफीच्या नियमात येत नाही. आज्ञेचे अक्षर थोडे बाजूला ठेवून आज्ञेचा हेतू वाचवण्याचा हा प्रयत्न होता. नवरा परागंदा झाला आणि मेला की जिवंत हे कळेना, तर बायको आयुष्यभर बांधलेली राहते. तिला अगुना म्हणतात. एरवी दोन साक्षीदारांशिवाय काही सिद्ध होत नाही, पण तिला मोकळे करण्यासाठी रब्बींनी एकाच साक्षीदारावर, तोही एरवी न्यायालयात न चालणारा असला तरी, भागवले.

यावरून कोणी म्हणेल, मग हे सारे माणसांचेच केलेले आहे, देवाचे नाव नुसते वर लिहिले आहे. हा निष्कर्ष घाईचा आहे. हनुक्का या सणाला दिवे लावताना आशीर्वचन म्हणतात की देवाने आम्हाला हे दिवे लावण्याची आज्ञा दिली. हनुक्का इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या मक्काबींच्या विजयाचा सण. तोरामध्ये त्याचा उल्लेख असणे शक्यच नाही. ताल्मूद स्वतःच विचारतो की ही आज्ञा देवाने दिली कुठे? उत्तर असे, की तुमच्या काळातल्या न्यायाधीशांकडे जा आणि ते सांगतील त्यापासून ढळू नका, असे तोरा सांगते, म्हणून त्यांची आज्ञा ही त्याचीच आज्ञा. हलाखेची सगळी बांधणी या एका धाग्यावर आहे. रब्बी नियम करतात तो देवाने दिलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर. मुखत्यार आपल्या मर्जीचा मालक नसतो. तोरामध्ये भर घालू नये आणि तिच्यातून वजा करू नये, ही मर्यादा आहे. आधीच्या न्यायसभेचा निर्णय मोडायचा तर नव्या सभेने ज्ञानाने आणि संख्येने तिच्याहून मोठे असायला हवे, ही दुसरी.

मुखत्यार मूळ धन्यापासून किती दूर जाऊ शकतो? याचे ताल्मूदातले चित्र मला सर्वांत हृद्य वाटते. मोशे वर गेला तेव्हा देव अक्षरांना छोटे छोटे मुकुट बांधत बसला होता. मोशेने विचारले, हे कशासाठी? देव म्हणाला, अनेक पिढ्यांनंतर अकिवा नावाचा माणूस येईल आणि या एकेका टोकावरून नियमांचे ढीग रचेल. मोशेने त्याला पाहायची इच्छा व्यक्त केली. तो अकिवांच्या वर्गात आठव्या रांगेत, मागे जाऊन बसला. तिथे काय चालले आहे ते त्याला समजेना, आणि तो खचला. मग एका शिष्याने विचारले, गुरुजी, हे तुम्हाला कुठून कळले? अकिवा म्हणाले की हा सिनायवर मोशेला मिळालेला नियम आहे. हे ऐकून मोशे सावरला. ज्याच्या हाती तोरा दिली त्यालाच ती ओळखू येईना, आणि तरीही ती त्याचीच राहिली. या कथेतही शेवट गोड नाही. अकिवांचे फळ काय, असे मोशेने विचारले तेव्हा देवाने त्याला रोमनांनी छळून मारलेल्या अकिवांचे मांस बाजारात तोलले जात असल्याचे दाखवले, आणि गप्प राहायला सांगितले.

देवाचा शब्द आणि माणसांनी काढलेला अर्थ, या दोन टोकांमध्ये यहुदी विद्वत्ता पुढे चालत राहिली. आठव्या शतकात बाबिलोनियात अनान बेन दाविद यांच्या नावाशी जोडलेल्या चळवळीतून कराई पंथ उभा राहिला. त्याने मौखिक तोरा नाकारली आणि लिखिताकडेच परत जावे असे म्हटले. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी आग पेटवू नये, या वचनाचा अर्थ त्यांनी असा घेतला की त्या रात्री घरात दिवाही असू नये. रब्बींनी अर्थ घेतला की नवी आग पेटवायची नाही, आधी लावलेला दिवा मात्र जळू द्यावा. त्यामुळे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवे लावणे हे रब्बींच्या यहुदी घराचे चिन्हच झाले. साधारण 1000 सालाच्या सुमारास मायन्झचे रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने दुसऱ्या बायकोवर आणि बायकोच्या इच्छेविरुद्ध घटस्फोटावर बंदी आली, जरी तोरा दोन्हींना परवानगी देते. बाराव्या शतकात मैमोनिदेस यांनी मिश्ने तोरा या ग्रंथात लिहिले की संदेष्टा कितीही मोठा असो, हलाखेचा निर्णय देवाने आपल्याला असा सांगितला असे तो म्हणू लागला तर तो खोटा संदेष्टा. याव्नेत यहोशुआंनी उभे राहून जे म्हटले त्याचा हा कायद्याच्या भाषेतला उतारा आहे.

सोळाव्या शतकात सफेद गावी योसेफ कारो यांना रात्री एक दिव्य वाणी ऐकू येत असे, आणि तिच्या नोंदींची त्यांची वही आजही उपलब्ध आहे. पण त्यांनी शुल्हान आरूख हा कायद्याचा ग्रंथ लिहायला घेतला, जो 1565 साली व्हेनिसला छापला गेला, तेव्हा निर्णयाला आधार घेतला तीन माणसांचा: अल्फासी, मैमोनिदेस आणि आशेर बेन येहिएल. आकाशातून येणारा आवाज ऐकणारा माणूसही निवाडा देताना पुस्तकांच्या बहुमताकडे वळला.

आधुनिक काळात हा प्रश्न तीव्र झाला. जर्मनीतल्या सुधारणावाद्यांनी नैतिक आज्ञा ठेवल्या आणि आहार-वेशाचे बरेच नियम बाजूला सारले. प्रेसबुर्गच्या हताम सोफेर यांनी त्याविरुद्ध भूमिका घेतली की जे नवे ते तोरानेच निषिद्ध ठरवले आहे. झकारियास फ्रांकेल यांनी 1859 साली मिश्नेवरच्या आपल्या ग्रंथात रब्बींचे काम इतिहासाच्या अंगाने मांडले. तेव्हा साम्सोन राफाएल हिर्श यांनी त्यांना जाहीर जाब विचारला की तुम्ही मौखिक तोरा देवाची मानता की माणसांची? हा प्रश्न अजून सुटलेला नाही. घटस्फोटाचे पत्र द्यायला नवऱ्याने नकार दिला की बायको आजही अगुना होते. इस्रायलमध्ये 1953 च्या कायद्याने यहुद्यांचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे दिले आहेत, म्हणून तिथे या प्रश्नाची धग रोजच्या जगण्याला लागते. प्राचीन रब्बींनी एका साक्षीदारावर जिला सोडवले, तिला आजच्या रब्बींनी का सोडवू नये, असे विचारणाऱ्या स्त्रिया परंपरेच्या बाहेरून बोलत नाहीत. त्या परंपरेचेच वाक्य परंपरेला ऐकवत आहेत.

हा प्रश्न एकदा थेट आपल्या कोकणापर्यंत आला. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांचे वंशज अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. कोकणात शतकानुशतके तेल गाळताना त्यांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्याकडे शेमा ही प्रार्थना होती, आठव्या दिवशीची सुंता होती, आहाराचे नियम होते. ताल्मूद मात्र नव्हता. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग 1796 साली उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले आणि तिथे 1962 साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना दिली की या समाजाच्या वधूवरांच्या आई, आजी आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. भीती अशी होती की ताल्मूदाच्या पद्धतीने घटस्फोट न झालेल्या स्त्रियांनी पुन्हा लग्ने केली असतील तर त्यांच्या संततीवर विवाहाचे कायमचे बंधन येते. यहुदी म्हणून शनिवार पाळत आलेल्या लोकांना आपण यहुदी आहोत की नाही याचा पुरावा मागितला गेला. समाजाने निदर्शने केली, 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर केले. नंतर त्या सूचनेतून त्यांच्या समाजाचे नाव काढण्यात आले.

नियम देवाचा, असे म्हणत चौकशी लावणाऱ्यांना ताल्मूदातच दुसरी वाट होती. जे कुटुंब समाजात मिसळून गेले ते मिसळलेलेच राहू द्यावे, खणत बसू नये, असे रब्बींनी म्हणून ठेवले आहे. दोन वाटांपैकी कोणती धरायची हे माणसांनी निवडले होते, आणि त्या निवडीची जबाबदारीही माणसांचीच होती.

इथे रब्बी यहोशुआ तिसऱ्यांदा भेटतात. मिश्नेत त्यांनी आपल्या गुरूकडून ऐकलेली परंपरा आहे की एलियाहू येईल तेव्हा तो कुळांची शुद्धाशुद्धता ठरवायला येणार नाही; बळाने दूर लोटलेल्यांना जवळ करायला आणि बळाने आत घुसवलेल्यांना दूर करायला तेवढा येईल. त्याच मिश्नेच्या शेवटी बाकीचे विद्वान आणखी पुढे जातात. त्यांच्या मते तो कोणाला दूर करायलाही येणार नाही आणि जवळ करायलाही नाही. तो जगात शांती करायला येईल. तोच एलियाहू, ज्याने देव हसल्याची बातमी आणली. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल घरांत नवस फेडताना, लग्नाच्या आधी, नव्या घरात पाऊल ठेवताना भिजवलेले पोहे, खोबरे, गूळ आणि फळे मांडून जो मलिदा करतात, तो याच एलियाहू हन्नाबीच्या नावाने. अलिबागजवळच्या खंडाळा गावी त्याच्या रथाच्या खुणा दाखवणारा खडक आहे. ज्यांच्या कुळाची चौकशी झाली, ते पिढ्यान् पिढ्या त्या संदेष्ट्याचे ताट मांडत आले होते ज्याचे काम कुळांची छाननी करणे नव्हे.

एक प्रसंग सांगून मी थांबतो. गमलिएल यांनी यहोशुआंना वारंवार अपमानित केले, तेव्हा याच याव्नेतल्या सभेने आपल्या प्रमुखाला पदावरून दूर केले, आणि अभ्यासगृहाच्या दारावरचा पहारा उठवला. त्या दिवशी शेकडो नवी बाके आत आली. नंतर गमलिएल क्षमा मागायला यहोशुआंच्या घरी गेले. भिंती काजळीने काळ्या पाहून म्हणाले की तुमच्या भिंतींवरून दिसते, तुम्ही कोळशाच्या कामावर पोट भरता. यहोशुआ म्हणाले की ज्या पिढीचा पुढारी तुमच्यासारखा, त्या पिढीची कीव येते. विद्वान कशावर जगतात हेच तुम्हाला ठाऊक नाही.

ज्याने आज्ञा मानून काठी उचलली, ज्याने आकाशवाणीला उत्तर दिले, त्याचे घर काजळीने काळे होते. वाचकांनी हे पुस्तक वाचताना ते घर डोळ्यांपुढे ठेवावे. पुढच्या पानांवर नियमांचे बारीक तर्क येतील, एखाद्या अक्षराच्या टोकावर उभे राहिलेले वाद येतील. त्या प्रत्येक ठिकाणी हा नियम देवाचा की माणसाचा, एवढेच विचारून थांबू नये. हा नियम कोणाच्या घरात जाऊन पडतो, हेही विचारावे. रब्बींनीही शेवटी त्याच कसोटीवर आपल्या प्रमुखाला तोलले होते.